खळाळत्या पाण्याचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकविला, आणि तो नकाशावरून कमी व नदीकाठावरून अधिक शिकविला, हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी जे आज येथे उपस्थित आहेत त्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या नावाने बोलावयाचे तर नदीविषयीच बोलावे असे माझ्या मनाने घेतले. परंतु नदीविषयी मराठवाड्यात बोलावयाचे म्हणजे दुष्काळ, धरण, पाणीवाटप आणि पूर यांखेरीज दुसरे काही बोलावयाचे नाही असा जो शिरस्ता पडून गेला आहे, तो प्रारंभापुरता बाजूस ठेवून मी आज एका खेळाचा विषय घेतला आहे. पुढे त्याच चार गोष्टींकडे आपल्याला परत यावे लागेल, कारण हा खेळच असा आहे की त्याचा पाठलाग करीत गेले असता मनुष्य शेवटी पाटबंधारे खात्याच्या दफ्तरापाशी येऊन पोहोचतो.

खळाळत्या, उताराच्या, खडकाळ नदीतून लहानशी नौका वेगाने खाली नेण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना वाइल्डवॉटर असे नाव आहे. त्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५९ साली फ्रान्समधील त्रेन्याक या लहान गावी, वेझेर नदीवर झाली. तिच्या आधी दहा वर्षे, १९४९ साली जिनीव्हा येथे, स्लॅलम या भावंड-प्रकाराची जागतिक स्पर्धा झाली होती. दोहोंतील भेद असा की, स्लॅलममध्ये पाण्यावर टांगलेल्या दांड्यांच्या दारांमधून नौका न्यावयाची असते, काही दारे तर प्रवाहाच्या उलट दिशेने चढून पार करावयाची असतात, दांडीला स्पर्श झाला तर दोन सेकंदांचा आणि दार चुकले तर पन्नास सेकंदांचा दंड पडतो. वाइल्डवॉटरमध्ये दार नाही, दंड नाही, नदी हीच परीक्षा आणि घड्याळ हाच परीक्षक. एकेक नौका ठराविक अंतराने सोडतात, आणि काही किलोमीटरांचे पाणी सर्वांत कमी वेळात जो उतरतो तो जिंकतो. अलीकडे त्याच्या जोडीला काही शे मीटरांची आखूड शर्यतही घेतली जाते, आणि तिच्यासाठी नदीतला अवघड तुकडा निवडतात. कयाकमध्ये वल्हेकरी पाय पुढे पसरून बसतो व दोन्ही टोकांस पाती असलेले वल्हे चालवितो. कॅनोमध्ये गुडघे टेकून एकाच पात्याचे वल्हे चालवावे लागते, आणि म्हणून नौका एका बाजूस वळू न देणे हीच त्याची निम्मी कसरत होऊन बसते. एका माणसाच्या शर्यती कयाकची लांबी साडेचार मीटरांहून अधिक नसावी आणि रुंदी साठ सेंटिमीटरांहून कमी नसावी असा नियम आहे. अरुंद नौका वेगाने धावते हे ठाऊक असल्यामुळे नौका घडविणाऱ्यांनी पाण्यातला भाग निमुळता ठेवून, बसण्याच्या जागेमागे दोन्ही बाजूंस पंखांसारखे उंचवटे काढले व नियमातली रुंदी तेथे भरून दिली. कायद्याची अक्षरे पाळून त्याच्या मर्यादेत बुद्धी चालविण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

हा खेळ दंडाच्या बळाचा आहे अशी समजूत चित्रे पाहून होते. प्रत्यक्षात तो पाणी वाचण्याचा आहे. पाण्याच्या पृष्ठावर खालच्या दिशेस टोक करून गुळगुळीत जीभ उतरताना दिसली तर तेथे खोल वाट आहे असे समजावे, आणि टोक वरच्या दिशेस असेल तर त्या टोकाखाली खडक दडला आहे असे समजावे. मोठ्या खडकाच्या पाठीमागे पाणी उलटे, म्हणजे वरच्या दिशेस वाहत असते. नवख्याला ते भयंकर वाटते, जाणत्याला तेथे विसावा मिळतो, कारण भर प्रवाहात नौका थांबवून पुढची वाट न्याहाळण्याची तेवढी एकच जागा असते. प्रवाह ओलांडावयाचा असेल तर नौकेचे तोंड वरच्या दिशेस थोडे तिरपे धरावयाचे आणि पाण्याच्याच जोराने स्वतःला पलीकडच्या काठाला लावून घ्यावयाचे. नौका उलटली तर वल्ह्याचा आणि कमरेचा एक विशिष्ट झोल देऊन, तिच्यातून बाहेर न पडता ती पुन्हा सरळ करता आली पाहिजे. ही विद्या आर्क्टिक प्रदेशातील शिकारी लोकांची, आणि तिच्यावाचून सहसा कोणी स्पर्धेच्या पाण्यात उतरत नाही. आपल्या गोदाकाठचे, मांजराकाठचे भोई आणि कोळी यांना यांतले पुष्कळसे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते. दुधी भोपळ्यांची सांगड कमरेखाली घेऊन जो मनुष्य पुराची नदी ओलांडीत असे, त्याला तिरपे जाण्याचा नियम कोणत्याही संघटनेने शिकविलेला नव्हता.

या शास्त्रातली एक गोष्ट मात्र आपल्या प्रदेशात घरोघर माहीत असावयास हवी होती आणि ती तशी नाही, म्हणून येथे क्षणभर थांबतो. खळाळत्या पाण्याच्या खेळातील जाणती माणसे उंच धबधब्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, भीती कशाची बाळगतात, तर नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सरळ बांधलेल्या बुटक्या बंधाऱ्याची. नैसर्गिक खडकाळ उतारावर पाण्याला कोठेतरी फट असते, त्या फटीतून वस्तू खाली निघून जाते; परंतु सरळ बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी सर्व रुंदीभर सारखेच उलटे फिरते, वरचा थर बंधाऱ्याकडे परत येतो, आणि त्यात सापडलेले ओंडके व माणसे पुन्हा पुन्हा त्या भिंतीखाली ओढली जातात. पट्टीचा पोहणारा तेथे निरुपाय होतो. आपल्या जिल्ह्यांत असे बुटके बंधारे गावोगाव आहेत. श्रावणात त्यांच्यावरून पाण्याचा पडदा पडू लागला की मुले तेथेच पोहावयास जमतात, कारण ते पाणी शांत आणि सुंदर दिसते. हा एक धडा शाळेच्या पुस्तकात आला तरी या खेळाचे आपल्यावर उपकार होतील.

आता स्पर्धा जेथे होतात त्या नद्यांकडे वळू. कल्पना अशी होते की आल्प्सचे बर्फ वितळते, नद्या खळाळतात आणि लोक शर्यती लावतात. काही ठिकाणी तसे आहेही. परंतु ज्या त्रेन्याकला या स्पर्धेचे जन्मस्थान मानतात, तेथे शर्यतीच्या दिवशी वेझेर नदीत जे पाणी असते ते वरच्या धरणातून ठरल्या वेळी सोडलेले असते, आणि वीज करणाऱ्यांनी दरवाजे मिटले की शर्यतही मिटते. स्लॅलमचा इतिहास याहून पुढे गेला. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्ग शहरात लेख नदीचे पाणी वळवून आइसकनाल नावाचा काँक्रीटचा मार्ग बांधण्यात आला. पूर्व जर्मनीच्या लोकांनी त्याची मापे मिळवून आपल्या त्स्विकाउ गावी त्याची प्रतिकृती उभारली, तीवर गुपचूप सराव केला, आणि त्या वर्षी स्लॅलमची चारही सुवर्णपदके नेली. खेळाडूंइतकेच श्रेय तेथे मोजणी करणाऱ्यांकडे जाते. यानंतर वीस वर्षे हा खेळ ऑलिंपिकच्या बाहेर राहिला, १९९२ साली बार्सिलोनाच्या वेळी परत आला. वाइल्डवॉटरला मात्र आजतागायत ऑलिंपिकची सनद मिळालेली नाही. आउग्सबुर्ग शहराची शतकानुशतकांची जलव्यवस्था २०१९ साली जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली, तेव्हा त्या नोंदीत जुन्या कालव्यांच्या व पाणी उपसणाऱ्या मनोऱ्यांच्या पंगतीस हा शर्यतीचा कालवाही बसविण्यात आला. ज्या शहराने पिण्याचे, दळणाचे आणि खेळण्याचे पाणी एकाच दफ्तरात मांडले, त्याच्याकडून आपण काही शिकावे असे मला मनापासून वाटते.

पाण्याच्या मापाची गोष्ट लातूरकरांपुढे बोलताना जपून बोलली पाहिजे. २०१६ सालच्या एप्रिलात मांजरा धरणाचा मृतसाठाही आटून गेला असता मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला जी पहिली गाडी आली तिला दहा टाक्या होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, तिच्यात पंचवीस लाख लिटर मावत. आता लंडनजवळ ली व्हॅली येथे २०१२ च्या ऑलिंपिकसाठी जो मार्ग बांधला त्याचे माप पाहा. तीनशे मीटर लांबी, साडेपाच मीटर उतार, आणि सेकंदाला तेरा घनमीटर, म्हणजे तेरा हजार लिटर पाणी. भागाकार सोपा आहे. लातूरच्या पहिल्या गाडीतले सारे पाणी त्या मार्गावर ओतले असते तर ते अडतीस सेकंदांत संपले असते. पन्नास टाक्यांच्या गाडीने जेमतेम तीन मिनिटे पुरविली असती. एका स्पर्धकाला वरून खाली येण्यास दीड मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. ली व्हॅलीचे पाणी वाया जात नाही हे खरे, ते खाली तळ्यात साठते आणि पंपांनी पुन्हा वर चढविले जाते; तरीही ज्या गावात घागरींच्या रांगांवर पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला होता आणि टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम निघाला होता, तेथे कोणी उठून असा पंपांचा मार्ग बांधण्याची तजवीज मांडली तर ती मी पहिल्या वाचनातच फेटाळीन. हा खेळ आपल्याकडे यावयाचा असेल तर त्याने निराळ्या दाराने यावे.

ते निराळे दार महाराष्ट्रात उघडलेले आहे. रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळ कुंडलिका नदी बारमाही खळाळते, ही सह्याद्रीच्या पायथ्याशी नवलाची गोष्ट आहे. कोकणातल्या इतर नद्या दिवाळीनंतर दगडांच्या राशी होऊन पडतात. कोलाडला सकाळी काठावर उभे राहून मी हे पाहिले आहे. प्रथम पात्रातले गोटे कोरडे असतात, मधून गुडघाभर पाण्याची एक धार वाहते, बायका खाली उतरून कपडे धूत असतात. मग त्यांच्यातली एक मान वर करून पाहते आणि सगळ्या जणी बोचकी उचलून वर येतात. मला तोवर काहीच दिसलेले नसते. काही वेळाने काठचे गवत मुळाशी ओले होते, जवळचा गोटा निम्मा बुडतो, मग पुरता बुडतो, आणि इतका वेळ जी किणकिण होती तिच्या जागी एक भरीव, सलग आवाज येऊ लागतो. तराफे खांद्यावर घेऊन थांबलेल्या पोरांपैकी एक जण म्हणतो, “मशीन चालू झालं.” हे मशीन म्हणजे भिऱ्याचे वीजगृह. मुळशीच्या जलाशयातील पाणी डोंगराच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली नळांतून आणून तेथे वीज करतात, आणि काम संपवून निघालेले ते पाणी कुंडलिकेत येते. मुंबईला वीज लागते तेव्हा नदी चढते. मागणी उतरली की नदी उतरते. पुढच्या दहा-बारा किलोमीटरांत पर्यटकांचे रबरी तराफे जातात, कयाकवाले आपले कसब आजमावतात, आणि कित्येक कुटुंबांची चूल त्यावर पेटते.

पण हे पाणी तेथे आले कसे हे सांगितल्यावाचून कुंडलिकेची स्तुती करणे मला अप्रामाणिक वाटते. मुळा नदी पूर्ववाहिनी; तिचे पाणी भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला जावयाचे. ते अडवून पश्चिमेकडे उलटविण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी पेट्यात धरण मांडले, तेव्हा मावळातील गावेच्या गावे भाताच्या खाचरांसह बुडणार हे स्पष्ट झाले, आणि १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी त्या रयतेची बाजू लेखणीने आणि तुरुंगवासाने लढविली. मोबदला रोखीने घ्यावा की जमीन मुळीच सोडू नये, यावर मावळ्यांत आणि पुण्याच्या पुढाऱ्यांत मतभेद झाले, सावकारांचे हितसंबंध आड आले, लढा दमला, आणि धरण झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. धरणाविरुद्ध विस्थापितांनी उभारलेल्या जगातल्या आद्य लढ्यांत मुळशीच्या सत्याग्रहाची गणना होते. आज कोलाडला जो तरुण वल्हे मारतो तो त्या बुडालेल्या खाचरांवरून आलेल्या पाण्यावर स्वार झालेला असतो. हे पाणी पुन्हा पूर्वेस, तहानलेल्या भीमा खोऱ्यास द्यावे अशी मागणीही वारंवार उठते, आणि ती न्याय्य नाही असे मला म्हणवत नाही. उद्या तसे झाले आणि कुंडलिका इतर कोकणी नद्यांसारखी हिवाळ्यात निजू लागली, तर खेळाने तो निकाल मान्य केला पाहिजे; मात्र त्या दिवशी कोलाडच्या पोरांच्या उपजीविकेची तजवीज त्याच हुकूमनाम्यात लिहिलेली असली पाहिजे.

ही कथा आपल्या एकट्यांची नाही. १९८१ सालची जागतिक स्पर्धा वेल्समधील बाला गावाजवळ, ट्रवेरिन नदीवर झाली. त्या नदीच्या वरच्या अंगाला कापेल केलिन नावाचे वेल्श भाषकांचे एक खेडे होते, त्यात शाळा होती, टपालघर होते, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी होती. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. ब्रिटनच्या पार्लमेंटने १९५७ साली त्यासाठी कायदा केला. वेल्समधील एकाही सभासदाने त्याच्या बाजूने मत दिले नव्हते, तरी तो झाला, आणि १९६५ साली खेडे बुडाले. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने क्षमा मागितली ती २००५ साली, चाळीस वर्षांनी. या धरणाचे पाणी नळाने नेत नाहीत, ते नदीत सोडतात आणि पुढे डी नदीच्या खालच्या भागातून उचलतात. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, इतर ओढे आटले असता, ट्रवेरिन भरून वाहते, आणि त्या वाहत्या पाण्यावर नौकांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. येथे माझ्या विषयाचे मर्म आहे. शर्यत पाणी पीत नाही. जे पाणी दुसऱ्या कामासाठी निघालेले आहे ते वाटेत काही घटका तिला वापरावयास मिळते, आणि एक थेंबही कमी न होता पुढे आपल्या धन्याकडे जाते. परंतु तेवढ्यासाठीही आधी कोणीतरी करार केलेला असावा लागतो. दरवाजा किती वाजता उघडेल, किती उघडेल, किती वेळ उघडा राहील, खाली धुणे धुणाऱ्या बायकांना आणि डोहावर आलेल्या गुरांना इशारा कोण देईल, हे लिहून ठेवलेले असावे लागते. आणि त्या कराराच्या पहिल्या कलमात ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांचा हक्क असला पाहिजे. असा करार जेथे प्रामाणिकपणे होईल तेथेच हा खेळ रुजावा.

भारतात या खेळाची शाळा नर्मदाकाठी महेश्वरला भरते, आणि ते स्थळ मराठी माणसाला परके नाही. चौंडीच्या अहिल्याबाईंनी जेथे होळकरांची राजधानी नेली त्या महेश्वराच्या घाटांपासून थोड्या अंतरावर नर्मदा काळ्या खडकांतून असंख्य ओघांनी फुटते, त्यास सहस्रधारा म्हणतात. त्या ओघांवर दारे टांगून स्लॅलमचे शिक्षण दिले जाते, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धांतील या प्रकाराच्या शर्यती तेथेच झाल्या. त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या स्लॅलम चमूत केवट, म्हणजे नावाडी, या आडनावाचे तरुण होते. नावाड्याच्या घरातला मुलगा वडिलोपार्जित विद्येसह आंतरराष्ट्रीय पाण्यात उतरतो, ही मला पदकाइतकीच मोलाची गोष्ट वाटते. तेथील पाण्याचा चढउतारही वरच्या ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर या धरणांच्या हाती आहे, आणि इंदिरा सागरासाठी २००४ साली हरसूद हे अख्खे शहर उठविले गेले, हे त्या सहस्रधारेपाशी उभे राहणाऱ्याने विसरू नये.

आता आपल्या घरी येऊ. नांदेडपाशी गोदावरी संथ आणि रुंद आहे. विष्णुपुरीच्या बंधाऱ्याने ती आणखी संथ झाली आहे, आणि तो जलाशय संथ पाण्यातल्या शर्यतींना योग्य असला तरी माझ्या आजच्या विषयाला निरुपयोगी आहे. मांजरेवर लातूर जिल्ह्यात बराजांची मालिका झाली; तेथेही पाणी उभेच राहते, आणि ते तसे राहावे यासाठीच ती बांधली आहे. खडक आणि उतार हवा असेल तर किनवट तालुक्याकडे गेले पाहिजे. इस्लापूरजवळ, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या हद्दीवर, पैनगंगा काळ्या बेसाल्टच्या पायऱ्यांवरून सहस्रकुंडात उडी घेते. पावसाळ्यात तेथे जत्रेइतकी गर्दी असते. मार्गशीर्षात गेलात तर खडक, रांजणखळगे आणि कोठे कोठे हिरवे साचलेले पाणी. प्रपात स्वतः शर्यतीच्या कामाचा नाही, तेथे नौका नेण्याचा मोह कोणी धरू नये. परंतु त्याच्या खालीवर नदी जेथे खडकांच्या चिंचोळ्या वाटांतून जाते, त्या भागाची मोजणी कोणी जाणत्या माणसाने करावी, असे मला त्या खडकांवर हिंडताना प्रत्येक वेळी वाटत आले आहे.

याचे कारण ईसापूर धरण. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे हे धरण सहस्रकुंडाच्या वर आहे. त्याचे पाणी मुख्यत्वे कालव्यांनी हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या शेतीला जाते. नदीकाठच्या गावांना, हिमायतनगर, किनवट, उमरखेड या तालुक्यांतील लोकांना, उन्हाळ्यात नदीपात्र कोरडे पडल्यावर पाण्यासाठी दरखास्ती द्याव्या लागतात, मोर्चे काढावे लागतात, आणि मग केव्हातरी पात्रात पाणी सोडण्यात येते. हे पाणी माणसांसाठी व गुरांसाठी सुटते. ते सहस्रकुंडाच्या खडकांवरूनच खाली जाते. ट्रवेरिनवर जे घडले ते येथे लहान प्रमाणात घडू शकेल की नाही, याचा विचार आजवर कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मी थेंबभरही अधिक पाणी मागत नाही. मी एवढेच म्हणतो की, जे आवर्तन सोडावयाचे ठरलेले आहे त्याचा दिवस आणि घटका आगाऊ जाहीर झाली, आणि विसर्ग अनिश्चित न ठेवता काही तास स्थिर ठेवला, तर त्या तासांत त्या पाण्याकडून दुसरे एक काम करून घेता येईल. सेकंदाला तेरा घनमीटर म्हणजे साडेचारशेच्या आसपास क्युसेक. ज्या जिल्ह्यात भाद्रपदात विष्णुपुरीतून हजारोंच्या संख्येने क्युसेक सुटल्याच्या बातम्या शाळकरी मुले वाचतात, तेथे हा आकडा कोणाला भीती घालील असे वाटत नाही. उन्हाळ्यातले आवर्तन याहूनही कमी असले तरी शिकणाऱ्यांसाठी लहान पाणीच बरे. आणि याचा दुसरा लाभ असा की, पाणी केव्हा येणार हे आगाऊ कळू लागले तर ज्या गावांना ते मोर्चा काढून मागावे लागते त्यांनाही पहिल्यांदाच त्याचा लेखी हिशेब मिळेल. खेळासाठी मागितलेली ही शिस्त शेवटी पाणी भरणाऱ्या बाईच्या उपयोगी पडेल, हेच माझ्या आग्रहाचे खरे कारण आहे.

कोणी विचारील की जेथे मुले शाळेत जाण्यासाठी जीव धोक्यात घालतात तेथे ही चैन कशाला? गंगापूर तालुक्यात भिव धानोऱ्याची मुले जायकवाडीच्या फुगवट्यावरून थर्माकोलच्या चप्पूवर बसून शाळेत जात असल्याची दखल उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, हे मला ठाऊक आहे. त्याच मुलांसाठी मी बोलतो आहे. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात अतिवृष्टी होऊन लेंडी नदीच्या पाण्याने हसनाळ, रावणगाव या गावांना रातोरात वेढा दिला, माणसे छपरांवर आणि झाडांवर अडकली, आणि बाहेरून आपत्ती दलाची व सैन्याची पथके येईपर्यंत गावाला गावाच्याच बळावर तग धरावा लागला. पुराच्या प्रवाहात बाभळीच्या फांद्यांत सापडलेला मनुष्य का सुटत नाही, दोरीची पिशवी कोणत्या बाजूने फेकावी, बुडणाऱ्याकडे खालच्या अंगाने जावे की वरच्या, होडी प्रवाहाला किती तिरपी धरावी, हे ज्यास येते तो पथकाची वाट पाहत बसत नाही. आणि यातले पुष्कळसे ज्ञान खळाळत्या पाण्याचा हा खेळ शिकताना हाती येते. पूरबचावाला उपयोगी पडणारी माणसे अशा खेळातून तयार होऊ शकतात. मराठवाड्यातून जागतिक स्पर्धेत कोणी जाईल तेव्हा जाईल. मला त्याची उतावीळ नाही. मधल्या काळात दर तालुक्याला असे दहा तरुण मिळाले तर त्या खेळाचा सारा खर्च फिटला असे मी समजेन.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आपल्या भूगोल आणि क्रीडा या दोन विभागांना एकत्र बसवून सहस्रकुंडाच्या आसपासच्या पैनगंगेची एका पूर्ण वर्षाची मोजणी करवून घेवो. पाण्याची उंची, वेग, खडकांच्या वाटा आणि धोक्याच्या जागा त्या मोजणीत आल्या पाहिजेत, आणि ती करण्यास काठावरचे भोई व कोळी यांना मजुरीवर नव्हे तर मानधनावर सोबत घेतले पाहिजे. महेश्वरच्या शिक्षकांपैकी कोणास पाहणीसाठी बोलवावे. ईसापूरच्या आवर्तनाची वेळ आगाऊ जाहीर व्हावी आणि विसर्ग काही तास स्थिर राहावा, अशी एक दरखास्त कालवा सल्लागार समितीकडे जावी; ती जिल्हाधिकाऱ्यांच्या दफ्तरातून दोन्ही जिल्ह्यांत फिरावी, कारण नदीचा एक काठ नांदेडचा आहे आणि दुसरा यवतमाळचा. त्या दरखास्तीचा मसुदा मी करून आणला आहे. अध्यक्षांच्या अनुमतीने तो सभेनंतर येथे टेबलावर ठेवतो. ईसापूर धरणाखाली ज्यांची जमीन गेली अशी कोणी मंडळी या सभेत असतील तर त्यांनी तो प्रथम वाचावा, त्यात त्यांना जे बदल करावेसे वाटतील ते करावेत, आणि मग बाकीच्यांनी सह्या कराव्यात, अशी माझी विनंती आहे.